तीन लिटर पाण्यातली आंघोळ

न्हाणीघरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू पाणी खाली वाहते हे गृहीत धरून घडवलेली असते. तांब्या, बादली, नळ, मोरी, साबणाची वडी, दाढीचा मग, दात घासून चूळ भरण्याचे भांडे, शौचकूप या सगळ्यांची रचना या एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी उभे राहिले की हे फार स्पष्ट दिसते. सतराव्या शतकात मलिक अंबरने सुरू केलेल्या नहरींच्या पद्धतीत डोंगराकडचे पाणी मातीच्या बंद नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले जाई. पुढे अठराव्या शतकात त्याच तत्त्वावर पाणचक्कीचे दगडी जाते फिरू लागले. गुरुत्वाकर्षण हाच त्या व्यवस्थेचा पंप होता. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात हा पंप नाहीसा होतो. गुरुत्वाकर्षण तेथेही असते, पण यान, माणूस आणि पाणी एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत राहतात, त्यामुळे एकमेकांच्या तुलनेत काहीच खाली जात नाही. अशा ठिकाणी दात घासणे, केस धुणे, दाढी करणे आणि शौचाला जाणे कसे शक्य झाले, ही गेल्या सहा दशकांची कहाणी आहे. रॉकेटांच्या आणि चंद्रावरच्या पावलांच्या इतिहासात तिला जागा कमी मिळते, पण माणूस अंतराळात आठवडे आणि महिने राहू शकला याला या साध्या वस्तूंचा हातभार मोठा आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न गंभीरपणे घेतलाच गेला नाही. ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड अमेरिकेचे पहिले अंतराळवीर म्हणून उडणार होते. उड्डाण अवघे पंधरा मिनिटांचे असल्याने लघवीची कोणतीही सोय त्यांच्या पोशाखात केलेली नव्हती. उड्डाण सुरू होणे मात्र तासन्‌तास लांबले आणि ते यानाच्या खुर्चीत जखडलेले राहिले. अखेर नियंत्रण कक्षाची परवानगी घेऊन त्यांना पोशाखातच लघवी करावी लागली. त्यांच्या अंगाला लावलेल्या वैद्यकीय संवेदकांचे काम त्यामुळे काही काळ बिघडले आणि पोशाखातून वाहणाऱ्या प्राणवायूने हळूहळू ओल सुकली. या एका घटनेने अभियंत्यांना कळले की शरीराचे वेळापत्रक मोहिमेच्या वेळापत्रकाला जुळेलच असे नाही. पुढच्या वर्षी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला गेले तेव्हा त्यांच्या पोशाखात लघवी साठवणारे साधन होते.

सोव्हिएत अभियंत्यांनी हा विचार आधीपासून केला होता. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांसाठी गेले. पण परतीचे इंजिन चालले नाही तर यान आपोआप खाली येईपर्यंत दहा दिवस जगता यावे, असा हिशेब त्यांच्या व्होस्टॉक यानात धरलेला होता. त्यामुळे त्या यानात मलमूत्र हवेच्या झोताने ओढून घेणारे एक साधे उपकरण बसवलेले होते. पाणी वाहत नसेल तर हवा वाहू द्यायची, ही कल्पना येथे पहिल्यांदा दिसते, आणि आजच्या प्रत्येक अंतराळ शौचालयाच्या मुळाशी तीच आहे.

पण तपशिलाकडे दुर्लक्ष सोव्हिएत संघातही झाले. जून १९६३ मध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा अंतराळात गेलेल्या जगातील पहिल्या महिला ठरल्या. जवळजवळ तीन दिवस त्या एकट्या पृथ्वीभोवती फिरत होत्या. त्यांच्या सामानात टूथपेस्ट होती, पाणी होते, पण दात घासायचा ब्रश ठेवायचे राहून गेले होते, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले. इंधनाच्या शेवटच्या ग्रॅमपर्यंत मोजमाप केलेल्या मोहिमेत ब्रश विसरला जावा, यावरून त्या काळी स्वच्छतेच्या वस्तूंना यादीत कोणते स्थान होते ते कळते.

डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-७ या यानात फ्रँक बोरमन आणि जेम्स लॉव्हेल यांनी चौदा दिवस काढले. लहान मोटारीच्या पुढच्या दोन आसनांएवढ्या जागेत दोघे जण, दोन आठवडे, आंघोळीविना. चंद्रावर जाऊन येण्याएवढा काळ माणूस अंतराळात टिकू शकतो का हे पाहणे हा त्या मोहिमेचा हेतू होता. शरीर टिकले, पण पिशव्यांवर चालणारी मलमूत्राची व्यवस्था आणि ओल्या कापडाने अंग पुसणे किती अपुरे आहे तेही दिसून आले. तरी वेळ कमी होता आणि वजनाची मर्यादा कडक होती, त्यामुळे अपोलो मोहिमांतही पिशव्याच कायम राहिल्या.

अपोलोच्या पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी असे. ती शरीराला चिकटवायची, आणि विष्ठा आपोआप वेगळी होऊन खाली पडत नसल्याने पिशवीतच शिवलेल्या बोटमोज्यात बोट घालून ती सोडवायची. मग जंतुनाशकाची पुडी आत फोडून पिशवी बाहेरून मळायची, म्हणजे आत वायू तयार होऊन ती फुटणार नाही. या सगळ्याला पाऊण तास लागे, तोही दोन सहकाऱ्यांच्या समोर, एका खोलीएवढ्याही नसलेल्या जागेत. मे १९६९ च्या अपोलो-१० मोहिमेतील संभाषणाच्या अधिकृत नोंदीत विष्ठेचा एक तुकडा यानात तरंगताना सापडल्याचा आणि तो कोणाचा यावरून तिघांत झालेल्या चर्चेचा उतारा आहे. अंतराळवीरांनी ही व्यवस्था मनापासून नापसंत केली होती. गरज कमी पडावी म्हणून त्यांना कमी चोथ्याचा आहार दिला जाई. पोटावर असे बंधन घालून प्रश्न टाळणे हा उपाय नव्हता, आणि पुढच्या पिढीतील अभियंत्यांनी तो तसा मानलाही नाही.

याच अपोलो-१० मध्ये एक छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट घडली. तोपर्यंत यानात दाढी करायला मनाई असल्यासारखेच होते. कापलेले केस तरंगत डोळ्यांत, श्वासात किंवा यंत्रांच्या फटींत जातील ही भीती रास्त होती. टॉम स्टॅफर्ड, जॉन यंग आणि यूजीन सर्नन यांनी फेस न होणारे घट्ट मलम चेहऱ्याला लावून साध्या वस्तऱ्याने दाढी केली. केस मलमात अडकून राहिले आणि ओल्या कापडाने पुसून निघाले. त्यासाठी विशेष यंत्र लागले नाही. बाजारातील वस्तू तशीच ठेवून तिची वापरण्याची रीत बदलली. अंतराळातील स्वच्छतेच्या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा हेच घडताना दिसते. वस्तू मुळातून नव्याने घडवण्याचे प्रयत्न बहुधा महागडे आणि त्रासदायक ठरले, तर आधीच अस्तित्वात असलेल्या साध्या वस्तूची नीट निवड करून तिचा वापर बदलला तेव्हा काम झाले.

आंघोळीच्या बाबतीत हा धडा फार स्पष्टपणे मिळाला. १४ मे १९७३ रोजी अमेरिकेचे पहिले अंतराळ स्थानक स्कायलॅब कक्षेत गेले. तेथे तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. इतक्या दीर्घ मुक्कामासाठी खरी आंघोळ हवी म्हणून स्थानकात घडी होणारी न्हाणी बसवण्यात आली. जमिनीवर एक कडे होते, त्यात पाय अडकवायचे, आणि कापडी नळकांडे वर ओढून छताला अडकवायचे. आत उभे राहून हातातल्या फवाऱ्याने अंगावर पाणी मारायचे. पाणी मोजून जेमतेम तीन लिटर. पहिल्या तुकडीचे प्रमुख पीट कॉनरॅड यांना ही आंघोळ आवडली. पण वजनरहित अवस्थेत पाणी अंगावरून ओघळत नाही. पृष्ठताणामुळे ते त्वचेला जाड थराने चिकटून राहते, नाकातोंडाभोवती जमते, आणि सुटलेले थेंब सगळीकडे तरंगतात. म्हणून आंघोळ झाली की शोषक नळीने अंगावरचे आणि नळकांड्याच्या आतले पाणी एकेक करून ओढून घ्यावे लागे. तयारी, आंघोळ आणि आवराआवर मिळून सुमारे अडीच तास जात. प्रत्येकाने आठवड्यातून एकदा आंघोळ करावी अशी योजना होती. कामाच्या ताणात ती पाळणे सोपे नव्हते.

मराठवाड्यातील वाचकाला तीन लिटर पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जायकवाडीचा नाथसागर जवळ असूनही काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगरमधील घरे चालतात, आणि एका बादलीत किती कामे उरकतात हे घरातील बायकांना तोंडपाठ असते. स्कायलॅबवर पाणी इतके कमी असूनही खरी अडचण त्याच्या कमतरतेची नव्हती. आलेले पाणी पुन्हा गोळा करणे, ही ती अडचण होती.

सोव्हिएत सल्युत-६ स्थानकावरही अशीच न्हाणी होती आणि तिथल्या अंतराळवीरांचा अनुभवही तसाच होता. आंघोळीचा दिवस म्हणजे जवळजवळ सगळा दिवस त्यात जाणे. नंतरच्या मीर स्थानकावरील न्हाणीचा वापर कमी होत गेला आणि अखेर ती काढून टाकण्यात आली. अंतराळात न्हाणी बांधण्याचा प्रयत्न दोन्ही महासत्तांनी केला आणि दोघांनीही सोडून दिला. पुढे अमेरिकी शटल यानात न्हाणी नव्हती आणि आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही नाही. ओला टॉवेल, थोडेसे साबणाचे द्रावण आणि सुका टॉवेल, एवढ्यावर भागवण्याची जुनी पद्धतच टिकली.

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून सल्युत-७ स्थानकाकडे गेले. युरी मालिशेव्ह आणि गेनादी स्त्रेकालोव्ह हे त्यांचे सहप्रवासी होते. अंतराळात सात दिवस, एकवीस तास, चाळीस मिनिटे राहून ते परतले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी शिरा, छोले, पुलाव असे भारतीय पदार्थ तयार केले होते, आणि वजनरहित अवस्थेत शरीरावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास म्हणून त्यांनी योगासने केली. अन्न आणि व्यायाम भारतीय होते. अंग पुसायच्या ओल्या टॉवेलांपासून शौचालयापर्यंत स्वच्छतेची व्यवस्था मात्र स्थानकाचीच, सोव्हिएत पद्धतीची होती. भारताच्या पहिल्या अंतराळवीराने घेतलेला हा अनुभव पुढे गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेच्या काळात पुन्हा कामाला यायचा होता.

टूथपेस्टची कथा वेगळ्या वळणाने गेली. दंतमंजन अंतराळात चालत नाही, कारण चिमूटभर भुकटी हवेत उडाली की ती कोणत्याही यंत्रात शिरू शकते. टूथपेस्टमध्ये हा धोका नाही, पण तोंडातला फेस थुंकायचा कुठे हा प्रश्न उरतोच. अपोलोच्या काळापासून गिळता येईल अशी टूथपेस्ट अंतराळवीरांना दिली जाऊ लागली. ह्यूस्टनमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील दंतवैद्य आयरा शॅनन यांनी फेस न होणारी, गिळायला सुरक्षित अशी टूथपेस्ट तयार केली. ती नासाडेंट या नावाने ओळखली गेली. अंथरुणाला खिळलेल्या, तोंड धुवायला वाकू न शकणाऱ्या रुग्णांनाही ती उपयोगी पडली. हा योगायोग नव्हे. ज्याला पाणी थुंकता येत नाही, ज्याला उठून बसता येत नाही, त्या रुग्णाच्या आणि अंतराळवीराच्या अडचणी जवळजवळ सारख्या असतात. म्हणूनच केसांसाठी निवडलेला न धुता पुसण्याचा शॅम्पूही मुळात रुग्णालयातील रुग्णांसाठी तयार झालेला होता आणि तो बाजारातून उचलून शटल व स्थानकावर नेण्यात आला.

अंतराळात दात घासणे ही गेली कित्येक वर्षे साध्या टूथपेस्टनेच चालणारी गोष्ट आहे. अंतराळवीर ब्रशवर पाण्याचा थेंब ठेवतात, घासतात, आणि मग एकतर फेस गिळतात किंवा टॉवेलात थुंकतात. यातही वस्तूपेक्षा रीतच बदलली. दंतमंजनाशी छत्रपती संभाजीनगरचा संबंध जुना आहे, कारण शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कोलगेट-पामोलिव्हचा कारखाना होता. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील मूळ संस्थेने २०२१ मध्ये अमेरिकी अंतराळ संस्था नासाशी मौखिक आरोग्य आणि त्वचेच्या निगेबाबत संशोधनाचा करार केला. दात घासायची वस्तू लांबच्या प्रवासासाठी कशी असावी हा प्रश्न आता कारखान्यांनीही हाती घेतला आहे.

शटल यानांच्या काळात स्त्री अंतराळवीरांची संख्या वाढली आणि त्यासोबत पुरुष अभियंत्यांच्या अज्ञानाचेही दर्शन झाले. जून १९८३ मध्ये सॅली राइड सहा दिवसांच्या मोहिमेवर निघाल्या तेव्हा मासिक पाळीसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असे त्यांना विचारण्यात आले होते. पुरतील त्याहून कितीतरी जास्त होत्या. त्या तरंगून पसरू नयेत म्हणून दोऱ्याने एकमेकांना जोडून ठेवल्या होत्या, ही काळजी मात्र योग्यच होती. स्त्रियांसाठी आवश्यक त्या वस्तूंची यादी स्त्रियांनाच विचारून करावी, इतकी साधी गोष्ट शिकायला अंतराळ संस्थेला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

पोशाखात घालायचा शोषक डायपर याच काळात स्थिर झाला. पहिल्या स्त्री अंतराळवीरांसाठी तयार केलेले शोषक अंतर्वस्त्र पुढे पुरुषांनीही स्वीकारले आणि आता उड्डाण, उतरणे आणि यानाबाहेरची कामे या सगळ्यांत सर्वजण तेच वापरतात. त्यातील सोडियम पॉलिॲक्रिलेट हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव धरून ठेवतो. बाळांच्या डायपरमध्ये असतो तोच.

शटलमधले शौचालय मात्र सहज साध्य झाले नाही. १९८४ मध्ये डिस्कव्हरी यानाच्या पहिल्या उड्डाणात बाहेर सोडलेल्या मूत्राचा बर्फ होऊन यानाच्या बाजूला मोठा सुळका तयार झाला. परतताना तो तुटून यानाच्या कवचावर आदळू शकत होता, म्हणून यानाच्या यांत्रिक हाताने तो तोडावा लागला. उरलेले दिवस अंतराळवीरांना अपोलोच्या काळातील पिशव्यांवर काढावे लागले. न्हाणीप्रमाणेच येथेही जमिनीवरील वस्तूसारखी वस्तू अंतराळात नव्याने बनवणे कठीण ठरले. मात्र न्हाणी सोडून देता आली, शौचालय सोडून देता येणार नव्हते, त्यामुळे त्यावर सतत काम होत राहिले.

नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाणी पुनर्प्राप्तीची यंत्रणा पोहोचवली आणि या इतिहासाची दिशा बदलली. तोपर्यंत स्वच्छतेच्या वस्तूंचा प्रश्न त्या तरंगतात का, ओलावा ठेवतात का, एवढ्यापुरता होता. आता मूत्र, घाम आणि उच्छ्वासातील वाफ पुन्हा पिण्याचे पाणी होणार होती. मे २००९ पासून स्थानकातील लोक असे शुद्ध केलेले पाणी पिऊ लागले. पिण्यासाठी, अन्नासाठी आणि स्वच्छतेसाठी मिळून एका व्यक्तीला दिवसाला सुमारे पावणेचार लिटर पाणी लागते. २०२३ मध्ये या यंत्रणेने सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे लक्ष्य गाठले. अंग पुसून झाल्यावर ओला टॉवेल स्थानकात लटकवून ठेवतात. टॉवेलातून हवेत गेलेली वाफ यंत्रणा पकडते आणि थोड्या दिवसांनी तेच पाणी प्यायला येते.

याचा परिणाम असा झाला की अंगाला लावायची प्रत्येक गोष्ट पाण्यात जाणार, हे मनात ठेवून निवडावी लागली. २०१० मध्ये शुद्ध पाण्यातील सेंद्रिय कार्बनचे प्रमाण अचानक वाढू लागले. कारण शोधायला बराच काळ लागला. दोषी निघाले डायमिथाइलसिलेनडायॉल नावाचे संयुग. ते सिलोक्सेन नावाच्या पदार्थांपासून तयार होते आणि सिलोक्सेन घाम रोखणारी उत्पादने, मलमे, पुसण्याचे ओले कागद अशा वस्तूंत, तसेच स्थानकातील चिकटवण्याच्या व वंगणाच्या पदार्थांत असतात. हे पदार्थ हवेत उडून जातात आणि तेथून पाण्याच्या यंत्रणेत शिरतात. शरीराला हानी करणारे प्रमाण नव्हते, पण गाळणी लवकर निकामी होत होती. म्हणून आता अंतराळात नेण्याच्या स्वच्छतेच्या वस्तू निवडताना त्यांची रासायनिक यादीही तपासावी लागते. अल्कोहोल असलेल्या वस्तूंबाबतही हीच सावधगिरी घेतात.

मूत्राच्या यंत्रणेतही शरीरानेच अडथळा आणला. वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात आणि त्यातील कॅल्शियम मूत्रातून बाहेर पडते. मूत्र टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी ते मिळून कॅल्शियम सल्फेटचे खडे बनत आणि यंत्र तुंबत असे. शेवटी सल्फ्युरिक आम्लाऐवजी फॉस्फरिक आम्ल वापरून हा प्रश्न सोडवला गेला.

स्थानकातील रोजचे जीवन या काळात लोकांपुढे आले. २०१३ मध्ये अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातील दोन शाळकरी मुलींनी सुचवलेला प्रयोग करून दाखवला. ओला कपडा पिळला तर काय होईल? पाणी खाली पडत नाही. ते कपड्याभोवती नळीसारखे गुंडाळून राहते आणि हातावरही चढते. त्याच वर्षी कॅरन नायबर्ग यांनी आपले लांब केस कसे धुतात ते दाखवले. पिशवीतले थोडे कोमट पाणी मुळांशी सोडायचे, शॅम्पू चोळायचा, टॉवेलाने टिपायचे. नखे कापायची तर हवा आत ओढणाऱ्या जाळीजवळ बसून कापतात, म्हणजे तुकडे जाळीला चिकटतात. केस कापताना यंत्राला शोषक नळी जोडतात. न्हाणीत जमले नाही ते या छोट्या क्रियांमध्ये हवेच्या झोताने साधले.

२०२० मध्ये नव्या पिढीचे शौचालय स्थानकावर पोहोचले. त्यावर सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले होते. आधीच्या शौचालयापेक्षा ते ६५ टक्के लहान आणि ४० टक्के हलके होते, आणि स्त्रियांना सोयीचे व्हावे म्हणून त्याच्या बैठकीचा व नळीचा आकार बदलला होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी ज्या सिग्नस मालवाहू यानातून ते गेले त्याला भारतात जन्मलेल्या अंतराळवीर कल्पना चावला यांचे नाव दिले होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या दुर्घटनेत त्या मृत्यू पावल्या होत्या.

स्वच्छतेच्या वस्तू आणि पाणी यांचे नाते किती घट्ट आहे, हे २०२४ मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी मे महिन्यात स्थानकावरील मूत्र शुद्धीकरणाचा पंप बिघडला. दुरुस्तीचा पंप घाईने पाठवायचा होता आणि जवळचे उड्डाण होते बोइंगच्या स्टारलायनरचे, सुनीता विल्यम्स आणि बुच विलमोर यांचे. सुमारे ७० किलोचा पंप चढवण्यासाठी त्या दोघांच्या कपड्यांच्या आणि वैयक्तिक वस्तूंच्या दोन पेट्या उतरवण्यात आल्या. आठेक दिवसांची मोहीम असल्याने स्थानकावरच्या साठ्यातील कपडे-साबण पुरतील असा हिशेब होता. तो निर्णय तेव्हा योग्यच होता. पण यानातील बिघाडांमुळे मुक्काम २८६ दिवसांपर्यंत लांबला. ऑगस्टमध्ये सिग्नस यानातून त्यांच्या वस्तू पाठवेपर्यंत दोघांनी स्थानकातील साठ्यावरच दिवस काढले. एका पंपापुढे दोन माणसांचे कपडे-साबण मागे ठेवणे परवडते, कारण पाणी सगळ्यांच्या पिण्याचे असते.

कपडे धुणे हा भाग अजूनही अपुरा आहे. स्थानकात कपडे धुतले जात नाहीत. ते काही दिवस वापरून टाकून देतात आणि रिकाम्या मालवाहू यानाबरोबर ते वातावरणात जळून जातात. एका व्यक्तीला वर्षाला सुमारे ७० किलो कपडे लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये टाइड या डिटर्जंटची विघटनशील आवृत्ती स्थानकावर चाचणीसाठी पाठवण्यात आली. वजनरहित अवस्थेत व किरणोत्सर्गात ती टिकते का हे पाहिले गेले, आणि डाग काढण्याच्या लेखण्या व ओले कागदही पुढे तपासले. पाण्याच्या यंत्रणेला बाधा न आणणारा साबण हाच येथे शोध आहे. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढे असल्याने तेथे पाणी खाली पडेल, फक्त संथपणे. म्हणून तेथील धुलाई यंत्राचा विचार स्थानकातल्यापेक्षा वेगळा करावा लागतो.

राकेश शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेतून निघाले आणि १५ जुलैला परतले. ते गगनयानासाठी निवडलेल्या चार अंतराळवीरांपैकी एक आहेत. उरलेले तिघे प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप. भारताच्या पहिल्या मानवी मोहिमेत तीन जणांना सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस ठेवण्याची योजना आहे. इतक्या थोड्या मुदतीत पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची गरज पडत नाही, आंघोळही लांबवता येते. मलमूत्राची सोय, दात घासणे, अंग पुसणे आणि पोशाखातील शोषक वस्त्र एवढ्याच गोष्टी नीट जमणे आवश्यक असते. जेमिनी आणि अपोलोच्या काळात यांतीलच प्रत्येक गोष्ट अडचणीची ठरली होती. आता त्या प्रत्येकीचा तयार तोडगा हाताशी आहे.